‘पहिले दहा’ म्हणजे नेमके कोणते?

पन्नास-पन्नासची पानं पाडून अर्जांची यादी दाखवायची, एवढंच काम होतं. अर्ज काही हजार, तपासणारी माणसं तिघं, प्रत्येक अर्जाला एक प्राथमिक गुण, जास्त गुणवाले वर. कोड मीच लिहिला होता आणि तो कुणीही लिहिला असता तसाच होता: गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा, आधीच्या पानांवरचे सोडून द्या, पुढचे पन्नास घ्या. सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘ऑर्डर-बाय-डिसेंडिंग’, ‘स्किप’, ‘टेक’. एका ओळीत मावणारं काम. टेस्ट सगळ्या हिरव्या. रिव्ह्यू करणाऱ्याने एक शब्द न बोलता मंजुरी दिली.

महिन्याभराने तपासणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, “हा अर्ज मी मघाशीच पाहिला, परत कसा आला?” नजरचूक असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तिने दुसऱ्या दिवशी दोन स्क्रीनशॉट पाठवले. एकाच अर्जाचा क्रमांक तिसऱ्या पानाच्या तळाशी आणि चौथ्या पानाच्या माथ्यावर. दोनदा दिसला, त्यात फार काही बिघडलं नाही. पण वर लिहिलेली एकूण संख्या बरोबर होती आणि पानांवरच्या ओळींची बेरीजही तितकीच भरत होती. मग एक अर्ज दोनदा दिसत असेल, तर दुसरा कुठला तरी अर्ज एकदाही दिसलेला नसणार. तो कुणाचा, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नव्हतं. न दिसलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट काढता येत नाही.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. सारखे गुण असलेले अर्ज शेकड्यांनी होते आणि सारख्या गुणांत आधी कोण हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. प्रत्येक पान ही डेटाबेससाठी नवी क्वेरी, म्हणजे नवा प्रश्न असतो. मागच्या वेळी बरोबरीतल्यांना आपण कुठल्या क्रमाने उभं केलं होतं, ते लक्षात ठेवायला तो बांधील नाही. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी अर्धवट प्रश्न विचारला होता आणि त्याने मुकाट्याने पूर्ण उत्तर दिलं होतं.

त्या ‘मुकाट्याने’वर माझा आक्षेप आहे. ‘टेक’, ‘स्किप’ अशा, यादीतून भाग उचलणाऱ्या ऑपरेटरना (म्हणजे भाषेतल्या तयार क्रियांना) क्रम दिलेला नसेल तर त्यांनी उत्तर देऊ नये, नकार द्यावा. सौम्य वॉर्निंग नको, लॉगमध्ये कुठेतरी पडलेली पिवळी ओळ नको, सरळ नकार. प्रोग्रॅमर मंडळींना हा सोवळेपणा वाटतो, हे मला ठाऊक आहे. मलाही वाटायचा.

आधी या ऑपरेटरचं कौतुक करून घेतो, कारण ते मनापासून आहे. २००७च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ३.५ आणि सी शार्प ३.० यांच्यासोबत लिंक (LINQ) आलं, म्हणजे कोडमध्येच यादीला प्रश्न विचारण्याची सोय. त्याआधी यादीतले पहिले पाच काढायचे तर एक रिकामी यादी, एक मोजणारा आकडा, एक लूप, एक ‘ब्रेक’ आणि हमखास एक चूक एवढा संसार मांडावा लागे. लिंकने तो सगळा एका शब्दात बसवला. ‘टेक’, ‘स्किप’, ‘टेक-व्हाइल’, ‘स्किप-व्हाइल’ ही कल्पना हॅस्केलसारख्या फंक्शनल भाषांत आधीपासून होती, पण कामाला जाणाऱ्या बहुतेक सामान्य प्रोग्रॅमरच्या हातात ती अशी आली नव्हती. पुढे २०१४मध्ये जावा ८ने स्ट्रीम आणले, त्यात ‘लिमिट’ (म्हणजे ‘टेक’च) आणि ‘स्किप’ होते. ‘टेक-व्हाइल’ आणि ‘ड्रॉप-व्हाइल’ यायला मात्र २०१७चं जावा ९ उजाडावं लागलं. आज बहुतेक भाषांत हे ऑपरेटर आहेत आणि लूपच्या दिवसांकडे परत जावं असं कुणालाही वाटत नाही.

लिंकचं खरं स्वप्न त्याहून मोठं होतं. अ‍ॅरे असो, एक्सएमएल असो की डेटाबेस, प्रश्न विचारण्याची भाषा एकच. तोच ‘टेक’ अ‍ॅरेवर चालेल आणि डेटाबेसमधल्या टेबलावरही चालेल. मोह पडावा असंच हे स्वप्न आहे, आणि माझ्या मते गडबडही तिथेच शिरली.

अ‍ॅरे किंवा यादी ही जागांची बनलेली असते. तिसऱ्या जागेवरचं मूल्य काढून सातव्या जागेवर ठेवलं तर ती यादी वेगळी होते. म्हणजे क्रम हा तिच्या असण्याचाच भाग आहे. टेबलाचं तसं नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७०मध्ये डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा टेबल म्हणजे गणितातला संच असं धरलं होतं आणि संचातल्या घटकांना पहिला-दुसरा नसतो. पोत्यात भरलेल्या धान्यातला पहिला दाणा कोणता, असं कुणी विचारलं तर आपण त्याच्याकडे पाहत राहू. डेटाबेस मात्र पाहत राहत नाही. हाताला लागेल तो दाणा काढून देतो आणि म्हणतो, हा घ्या पहिला.

याहून वाईट म्हणजे बहुतेक वेळा तो अपेक्षित दाणाच काढून देतो. टेबल लहान असतं, रेकॉर्ड ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने डिस्कवर बसलेले असतात, एकच इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) असतो, त्यामुळे उत्तर रोज तेच येतं. महिनोन्‌महिने तेच आलं की प्रोग्रॅमरला तो नियम वाटू लागतो. मग टेबल वाढतं, कुणीतरी नवा इंडेक्स लावतं, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा प्लॅनर वेगळा मार्ग धरतो, आणि ‘काल तर चालत होतं’ हे वाक्य ऐकू येतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. २००८मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीपासून त्यात एक सोय आहे. एखादं मोठं टेबल कुणीतरी आधीच सुरुवातीपासून वाचत असेल आणि तेवढ्यात दुसरी क्वेरी तेच टेबल वाचायला आली, तर ती शून्यापासून सुरू करत नाही. पहिली क्वेरी जिथे पोचली असेल तिथून ती सोबत वाचू लागते आणि शेवट गाठल्यावर सुरुवातीचा राहिलेला भाग पुरा करते. डिस्कवरून एकदा आणलेला मजकूर दोघींच्या कामी येतो. किती शहाणी युक्ती! पण याचाच अर्थ असा, की क्रम न सांगता ‘पहिले दहा’ मागितले तर ते टेबलाच्या मधले दहा असू शकतात. कुठले मधले, ते शेजारची क्वेरी त्या क्षणी कुठे पोचली होती यावर. तुमच्या उत्तरात दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची वेळ मिसळलेली आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.

यावर नेहमी उत्तर मिळतं की एवढं तर सगळ्यांना माहीत असतं, ‘ऑर्डर बाय’ लिहायचं की झालं. माझ्या कोडमध्ये ‘ऑर्डर बाय’ होतं. गुणांवर होतं. अर्धा क्रम सांगितलेला असणं हे अजिबात न सांगितल्यापेक्षा जास्त फसवं असतं, कारण वरवर पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. मायएसक्यूएल या डेटाबेसची अधिकृत माहिती स्पष्ट सांगते की ज्या कॉलमवर क्रम लावला त्यात सारखी मूल्यं असतील तर त्या ओळी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात आणि ‘लिमिट’ असताना व नसताना तो क्रम वेगळाही असू शकतो. म्हणजे क्वेरीला ‘लिमिट’ लावल्यानेच आतला मार्ग बदलतो आणि बरोबरीतल्यांची रांग विस्कटते.

मग माझ्या टेस्ट हिरव्या कशा राहिल्या? टेस्टमध्ये डेटाबेस नव्हता, मेमरीतली यादी होती. लिंकचा ‘ऑर्डर-बाय’ मेमरीतल्या यादीवर चालतो तेव्हा तो स्थिर असतो. सारख्या गुणांचे दोघे मुळात ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने राहतील, याची त्यात हमी आहे. डेटाबेसवर चालतो तेव्हा अशी हमी नाही. शब्द तोच, ओळ तीच, कोड लिहायच्या एडिटरमधला रंगही तोच. करार मात्र दोन वेगळे. एकच भाषा सगळीकडे, या स्वप्नाची ही किंमत आहे आणि ती बिलावर लिहिलेली नसते. (जाता जाता: सी शार्पच्या यादीचा स्वतःचा ‘सॉर्ट’ स्थिर नाही. म्हणजे एकाच भाषेत, एकाच मेमरीतल्या यादीवरसुद्धा दोन करार आहेत. मुलाखतीत विचारायला उत्तम प्रश्न, रोजच्या कामात मात्र सापळा.)

आता नकार द्यावा की नाही, या वादाकडे येतो. हा वाद नवा नाही आणि साधनं बनवणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी कौल देऊन ठेवले आहेत. कधी कधी एकाच घरात दोन. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१२च्या आवृत्तीत ‘ऑफसेट’ (इतके सोडा) आणि ‘फेच’ (इतके घ्या) आले, आणि ते ‘ऑर्डर बाय’शिवाय चालतच नाहीत. क्रम नसेल तर क्वेरी नाकारली जाते. त्याच डेटाबेसमधला, वरचे काही देणारा जुना ‘टॉप’ मात्र क्रमाशिवाय खुशाल चालतो. लिंकचे प्रश्न डेटाबेसच्या भाषेत उतरवणाऱ्या एंटिटी फ्रेमवर्क या साधनाच्या आधीच्या रूपात क्रम न लावता ‘स्किप’ लिहिलं तर चालवताना एरर येई, आणि ‘आधी ऑर्डर-बाय लावा’ असं त्यात सरळ शब्दांत सांगितलेलं असे. चिडचिड व्हायची, पण चूक तिथल्या तिथे कळायची.

मग त्याचं नवं रूप, एंटिटी फ्रेमवर्क कोअर आलं. त्यात नकार जाऊन वॉर्निंग आली. पण खाली एसक्यूएल सर्व्हर तर ‘ऑफसेट’साठी क्रम मागतोच. तेव्हा हे साधन काय करतं? तयार होणाऱ्या क्वेरीत स्वतःच एक ओळ घालतं, जिचा अर्थ ‘सगळ्यांना एक हा आकडा द्या आणि त्यावर क्रम लावा’. प्रत्येकाला तोच आकडा, म्हणजे प्रत्येक जण बरोबरीत, म्हणजे क्रम शून्य. नियमाचं अक्षर पाळलं, जीव काढून घेतला. रखवालदाराने ओळखपत्र मागितलं म्हणून कोरा कागद लॅमिनेट करून दाखवावा, तसं हे आहे. आणि रखवालदार सोडतो.

ज्यांनी हे केलं त्यांना मी मूर्ख म्हणत नाही. जुना कोड चालता राहावा, नवख्याला पहिल्याच दिवशी एररने हाकलू नये, या भल्या इच्छा आहेत. पण मोडणाऱ्या कोडचा त्रास कुणाला आणि चुकून चालणाऱ्या कोडचा त्रास कुणाला, हा हिशेब मांडायला हवा. एरर आली तर त्रास माझा, माझ्या टेबलाशी, त्याच दुपारी. एरर नाही आली तर त्रास त्या अर्जदाराचा, ज्याचा अर्ज कुठल्याच पानावर आला नाही, आणि त्याला ते कधीच कळणार नाही. प्रोग्रॅमरची गैरसोय आणि अनोळखी माणसाचं नुकसान यांत निवड करायची असेल तर साधनाने कुठल्या बाजूला झुकावं, याबद्दल मला तरी शंका नाही.

नकार देण्याचंच एक वेगळं आणि फार चलाख रूप गो भाषेत आहे. तिथला ‘मॅप’ (किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या) हाही क्रम नसलेला संच. त्यातून फिरताना क्रम ठरलेला नाही असं सुरुवातीपासून सांगितलं होतं, पण सांगून कोण ऐकतं? तेव्हा २०१२च्या गो १पासून त्यांनी मॅपवर फिरताना क्रम मुद्दाम अनिश्चित केला. एकच प्रोग्रॅम दोनदा चालवा, दोनदा वेगळा क्रम. ज्याने क्रमावर भिस्त ठेवली असेल त्याचा कोड पहिल्याच दिवशी, त्याच्याच मशीनवर फुटावा, ही त्यामागची बुद्धी. लपलेल्या चुकीला उन्हात आणून बसवणं. डेटाबेसच्या टेस्ट आवृत्तीत बरोबरीतल्या ओळी मुद्दाम उलटसुलट करून देणारी एखादी कळ असती, तर माझी ती पन्नासची पानं महिनाभर फसवू शकली नसती.

विरोधातला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कित्येकदा आपल्याला खरोखरच कुठल्याही दहा ओळी हव्या असतात. नवं टेबल हातात आलं, आत काय आहे ते डोकावून पाहायचं आहे, तिथे क्रमाची सक्ती हा छळ आहे. पण मग तसं म्हणायला वेगळा शब्द हवा. जावाने ते केलं आहे: ‘फाइंड-फर्स्ट’ म्हणजे पहिला, ‘फाइंड-एनी’ म्हणजे कुठलाही एक. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा हेतू कळतो. पहिला हवा होता की कुठलाही चालला असता, हा प्रश्न दोन वर्षांनी कोड उघडणाऱ्याला पडत नाही. ‘टेक’ला असा जोडीदार असता, ‘कुठलेही-घे’ अशा अर्थाचा, तर माझी निम्मी तक्रार मिटली असती. उरलेल्या निम्म्यासाठी कंपायलर आहे, म्हणजे कोड चालण्याआधीच तो तपासून रूपांतर करणारा. लिंकमध्ये ‘थेन-बाय’ (बरोबरी असेल तर पुढचा निकष) हा ऑपरेटर ‘ऑर्डर-बाय’नंतरच लिहिता येतो, आधी लिहिला तर कोड कंपाइलच होत नाही, कारण क्रम लावलेल्या क्वेरीचा प्रकारच वेगळा धरला आहे. म्हणजे कंपायलरला क्रम लागला आहे की नाही हे कळतं! मग तीच अट ‘स्किप’ला का नाही? अडचण आहे, मान्य: मध्ये एखादं ‘व्हेअर’, म्हणजे अटीने गाळणं आलं की तो क्रमाचा शिक्का पुसला जातो, मग पुढे काही कळत नाही. पण ही रचनेतली अडचण आहे, निसर्गनियम नव्हे.

दुसरा मुद्दा वेगाचा. क्रम लावायला वेळ लागतो, म्हणून सक्ती नको. खरं सांगायचं तर पानं पाडण्याची ‘सोडा आणि घ्या’ ही पद्धतच हळू आहे. दोनशेव्या पानासाठी डेटाबेसला आधीची एकशे नव्याण्णव पानं ओलांडावी लागतात, फक्त ती तुम्हाला दाखवत नाही. शिवाय मधल्या काळात वर एक नवी ओळ आली तर सगळी पानं एक घर सरकतात. त्यापेक्षा ‘शेवटी पाहिलेल्या अर्जाचे गुण इतके, क्रमांक इतका, त्यानंतरचे पन्नास द्या’ असं विचारावं. योग्य इंडेक्स असेल तर डेटाबेस थेट त्या जागी जाऊन पुढचे उचलतो. आणि ही पद्धत वापरायची तर पूर्ण, एकमेव क्रम सांगावाच लागतो. ‘त्यानंतरचे’ या शब्दाला त्याशिवाय अर्थच येत नाही. अनेक ठिकाणी तर नीट सांगितलेला क्रमच जास्त वेगवान पडतो.

तिसरा मुद्दा भावनिक आहे आणि म्हणून सगळ्यांत जोरात मांडला जातो: प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवा. यावर एवढंच म्हणतो, की तो प्रोग्रॅमर मी होतो.

क्रमाशी हे ऑपरेटर किती घट्ट बांधलेले आहेत हे ‘टेक-व्हाइल’मध्ये उघड दिसतं. नवशिक्या माणसाला ‘टेक-व्हाइल’ आणि ‘व्हेअर’ सारखेच वाटतात, कारण दोघांनाही अट द्यायची असते. ‘व्हेअर’ सगळी यादी चाळून अट पाळणारे वेचतो. ‘टेक-व्हाइल’ सुरुवातीपासून चालतो आणि अट मोडणारा पहिला भेटला की थांबतो. पुढे शंभर पात्र घटक असले तरी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. तीन, पाच, नऊ, दोन, चार या यादीत सहापेक्षा लहान मागितले तर ‘व्हेअर’ चार आकडे देईल, ‘टेक-व्हाइल’ दोनच. तेच आकडे वेगळ्या क्रमाने ठेवले तर ‘व्हेअर’चं उत्तर तेच चार, ‘टेक-व्हाइल’चं पार वेगळं. म्हणून एंटिटी फ्रेमवर्क हा ऑपरेटर डेटाबेसच्या भाषेत उतरवतच नाही, चालवताना हात वर करतं. गंमत पाहा, क्रमावर उघडपणे अवलंबून असलेल्याला नकार आणि गुपचूप अवलंबून असलेल्या ‘टेक’ला प्रवेश.

शिकवण्याच्या पद्धतीचाही यात मोठा वाटा आहे. जवळजवळ प्रत्येक धड्यात हे ऑपरेटर एक ते दहा आकड्यांच्या अ‍ॅरेवर शिकवतात. पहिले तीन घ्या: एक, दोन, तीन. पहिले तीन सोडा: चार, पाच, सहा… आधीच क्रमात, एकही जुळा आकडा नाही, कधीही न बदलणारी यादी. या लेखातली प्रत्येक अडचण ज्यात उद्‌भवूच शकत नाही, असं उदाहरण शोधायला सांगितलं असतं तर कुणीही हेच दिलं असतं. शिकणाऱ्याच्या मनात मग ‘टेक’ म्हणजे कात्री अशी प्रतिमा बसते: कापड समोर आहे, आपण फक्त कापतो. कापडाचा कुठला काठ वरचा, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं, हे त्याला कुणी सांगतच नाही.

‘फर्स्ट’ची कथा तर याहून रोजची आहे. कोडमध्ये ‘फर्स्ट’ दिसला की दहापैकी कितीदा लिहिणाऱ्याला खरोखर पहिला हवा असतो? बहुतेक वेळा त्याच्या मनात असतं, ‘असणार तर एकच, तो दे’. त्यासाठी ‘सिंगल’ हा ऑपरेटर आहे. तो एकच असल्याची खात्री करतो. डेटाबेसवर चालवला तर मुद्दाम दोन ओळी मागतो, म्हणजे दुसरी निघाली तर बोंब मारता येईल. एका ओळीसाठी दोन मागणारा हा मला फार प्रामाणिक वाटतो. पण ‘सिंगल’ वापरला की कधीतरी एरर येते, आणि एरर आली की माणसं काय करतात? दोन रेकॉर्ड कसे झाले ते शोधत नाहीत, ‘सिंगल’ काढून ‘फर्स्ट’ टाकतात. ताप गेला म्हणायचं आणि थर्मामीटर फोडायचं.

त्याच कुळातला ‘फर्स्ट-ऑर-डिफॉल्ट’. काही सापडलं नाही तर एरर नाही, त्या प्रकाराचं ठरलेलं रिकामं मूल्य. वस्तू असेल तर ‘नल’, आणि आकडा असेल तर शून्य. गुण शोधायला गेलात आणि शून्य आला, तर त्या माणसाला शून्य गुण मिळाले की त्याची नोंदच नाही? कोडला फरक कळत नाही, अहवालाला कळत नाही, त्या माणसाला मात्र चांगलाच कळेल. २०२१च्या डॉटनेट ६मध्ये हे रिकामं मूल्य आपल्या मर्जीचं देण्याची सोय झाली, हे बरं झालं. रस्टसारख्या भाषेने प्रश्न मुळातच सोडवला: तिथे पहिला घटक मागितला की ‘असेल किंवा नसेल’ असं बंद पाकीट मिळतं आणि ते स्वतः उघडल्याशिवाय आतलं मूल्य हाती येत नाही. हॅस्केलमध्ये रिकाम्या यादीचं ‘हेड’, म्हणजे पहिला घटक मागितला की प्रोग्रॅम कोसळतो, हे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. २०२३मध्ये हॅस्केलचा जीएचसी हा कंपायलर ९.८ आवृत्तीपासून ‘हेड’ वापरल्यावर वॉर्निंग देऊ लागला. उशीर झाला, पण दिशा कुठली आहे ते दिसतं.

तुलनेने हद्दीचे प्रश्न, म्हणजे मोजणी शून्यापासून की एकापासून, शेवटचा धरायचा की नाही, हे मला आता छळत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२च्या एका टिपणात सुरुवात धरून शेवट सोडण्याची बाजू मांडली. यादीचा तुकडा काढण्यासाठी सी शार्पने २०१९मध्ये आणलेली दोन टिंबांची मांडणीही तशीच चालते. यात चूक झाली तर ती लगेच दिसते. एक कमी आला किंवा एक जास्त आला की कुणीतरी ओरडतं. न ओरडणाऱ्या चुका वेगळ्या. दहा मागितले आणि यादीत सातच असले तर ‘टेक’ सात देतो आणि गप्प बसतो. उणे पाच मागितले तर रिकामी यादी देतो आणि गप्प बसतो.

आणि बरोबरी. दहाव्या आणि अकराव्याला सारखे गुण असतील तर ‘टेक दहा’ म्हणजे त्या दोघांमधून एकाला बाहेर काढणं. हे कुणी ठरवलं? एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ला ‘विथ टाइज’ जोडता येतं, पोस्टग्रेसने २०२०च्या १३व्या आवृत्तीत ते ‘फेच’साठी आणलं. जोडलं की शेवटच्याशी बरोबरीत असलेले सगळे आत येतात, दहा मागितले तरी बारा मिळू शकतात. आणि ‘ऑर्डर बाय’ नसेल तर दोन्ही डेटाबेस ‘विथ टाइज’ असलेली क्वेरी घेत नाहीत, कारण क्रमच नाही तर बरोबरी कशात? लिंकमध्ये मात्र असा ऑपरेटर आजही नाही. आपण स्वतः लिहायचा, किंवा बहुतेक जण करतात तसं, विसरून जायचं.

माझ्या त्या यादीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुरुस्ती एका शब्दाची होती: गुणांनंतर ‘थेन-बाय’ लावून अर्जाचा क्रमांक दिला. क्रमांक एकमेव, त्यामुळे क्रम पक्का, पानं स्थिर. मी ते पाठवलं आणि सुटलो असं समजून चहाला उठणार, तेवढ्यात स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, “म्हणजे सारखे गुण असतील तर ज्याने आधी अर्ज केला तो कायम वर येणार का? असं कुणी ठरवलं?”

कुणीच ठरवलं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी मी ठरवलं होतं, तेही पानं स्थिर राहावीत म्हणून. मी दुरुस्ती मागे घेतली आणि प्रश्न ज्यांचा होता त्यांच्याकडे पाठवला. त्यांची दोन तास बैठक झाली. अनुभव आधी धरायचा की अर्जाची तारीख, यावर मतं फुटली. शेवटी अनुभव, मग तारीख, मग क्रमांक असं ठरलं, आणि निवडीच्या सीमारेषेवर बरोबरी असेल तर सगळ्यांना आत घ्यायचं हेही. मी कोडमध्ये आणखी दोन ‘थेन-बाय’ घातले आणि शेवटच्या कापणीसाठी ‘टेक’ काढून टाकला. ‘आमच्यात अकरावा कुणी असू शकतो हे आधी माहीतच नव्हतं,’ असं त्यांच्यातल्या एकाने इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.